पर्यटकाची नजर आणि अंदमानचे वास्तव : 'द लास्ट वेव' या कादंबरीचे चिकित्सक आकलन

प्रस्तावना

मराठी वाचकाच्या मनातील अंदमान प्रामुख्याने सेल्युलर जेलशी जोडलेले आहे. १९२७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेल्या स्वा. सावरकरांच्या 'माझी जन्मठेप' या आत्मकथनाने या बेटांना मराठी मनात कायमचे स्थान दिले. महाराष्ट्रातून तेथे जाणारा पर्यटक कोठडीपुढे नतमस्तक होतो आणि नंतर समुद्रकिनाऱ्यांकडे वळतो. तुरुंग उभा राहण्याच्या कितीतरी आधीपासून या भूमीवर राहत आलेल्या आदिवासी समाजांना मात्र पर्यटनपर लेखनात 'आणखी एक आकर्षण' यापलीकडे स्थान क्वचितच मिळते. या पार्श्वभूमीवर पंकज सेखसरिया यांची 'द लास्ट वेव' (२०१४) ही इंग्रजी कादंबरी विचारात घेण्याजोगी आहे. सेखसरिया हे पुण्यातील 'कल्पवृक्ष' या पर्यावरणविषयक संस्थेशी दीर्घकाळ संबंधित असून 'ट्रबल्ड आयलंड्स' (२००३) हे त्यांचे अंदमान-निकोबारविषयक लेखन आधीच प्रसिद्ध झाले होते. किनारा, अरण्य आणि आदिवासी यांच्यातील संबंध ही कादंबरी कशा प्रकारे मांडते आणि तिची मर्यादा कोणती, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

पर्यटनपर लेखनाची रूढ चौकट

पर्यटनपर लेखन प्रदेशाची वाटणी प्रेक्षणीय स्थळांत करते. अंदमानच्या बाबतीत ही वाटणी ठरून गेली आहे. स्वराज द्वीपावरील (२०१८ पूर्वीचे हॅवलॉक) राधानगरचा किनारा, १९८३ मध्ये वंडूर येथे स्थापन झालेल्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानातील प्रवाळ, बारातांगच्या चुनखडीच्या गुहा आणि तेथवर जाताना वाटेत घडणारे जारवांचे 'दर्शन' असा तिचा क्रम असतो. यातील 'दर्शन' हा शब्द बारकाईने पाहण्यासारखा आहे. मराठीत दर्शन देवाचे घडते आणि व्याघ्रप्रकल्पात वाघाचेही घडते. माणसाशी मात्र आपली भेट होते. जारवांच्या बाबतीत 'भेट' हा शब्द सुचत नाही, यातच त्या नजरेचे स्वरूप उघड होते. प्राणी, प्रवाळ आणि माणूस या तिघांनाही 'राखीव' या एकाच विशेषणाखाली आणणारी प्रशासकीय भाषा या नजरेला नकळत बळ देते.

'स्थानिक' कोण?

'द लास्ट वेव'चा नायक हरीश हा दिशाहीन अवस्थेत बेटांवर आलेला तरुण आहे. जारवांशी योगायोगाने झालेल्या भेटीमुळे त्याच्या जगण्याला दिशा मिळते. या शोधात त्याचा सोबती असलेला अंकल पामे हा सत्तरीचा करेन नावाडी आहे. त्याच्या वडिलांना ब्रिटिशांनी १९२० च्या दशकात ब्रह्मदेशातून येथे आणले होते. सीमा ही काळ्या पाण्याची शिक्षा झालेल्या कैद्यांच्या वंशातील असून बेटांवर अशा वंशजांना 'लोकल बॉर्न' म्हटले जाते.

ही पात्ररचना कादंबरीच्या आशयाचा कणा आहे. एक स्वेच्छेने आलेला, एक आणलेल्याचा मुलगा, तर एक शिक्षा म्हणून धाडलेल्यांची वंशज. तिघांचेही बेटांवर प्रेम आहे आणि तिघांचीही मुळे अन्यत्र आहेत. मराठी वाचक कैद्याकडे केवळ पीडित म्हणून पाहत आला आहे. त्याच्या यातना खऱ्याच आहेत. परंतु १८५८ मध्ये वसवलेली बंदीवानांची वसाहत ज्या जमिनीवर उभी राहिली, ती ग्रेट अंदमानी समाजाची होती. १८५९ च्या ॲबर्डीनच्या लढाईत या समाजाने वसाहतीला केलेला प्रतिकार अयशस्वी ठरला. एके काळी हजारोंच्या संख्येत असलेला हा समाज २०११ च्या जनगणनेत अवघा ४४ उरला होता. त्याच्या भाषांपैकी 'बो' ही भाषा जाणणारी अखेरची व्यक्ती, बोआ सीनियर, २०१० मध्ये निधन पावली. अन्याय सोसणारा माणूसही दुसऱ्याच्या विस्थापनाचे निमित्त ठरू शकतो, हे अस्वस्थ करणारे सत्य सीमाच्या व्यक्तिरेखेमुळे वाचकापुढे येते.

रस्ता : एक सामाजिक रूपक

जारवांच्या ऱ्हासाचे चित्रण करताना अंदमान ट्रंक रोडची पार्श्वभूमी लक्षात घ्यावी लागते. १९५६ च्या आदिवासी संरक्षण विनियमाने राखून ठेवलेल्या अरण्यातूनच हा रस्ता नेण्यात आला. १९९७ च्या अखेरीपासून जारवा शस्त्र न उगारता वस्त्यांकडे येऊ लागले आणि १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ पसरली. पुण्याची 'कल्पवृक्ष', मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आणि अंदमानमधील एक संस्था यांनी केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मे २००२ मध्ये राखीव क्षेत्रातील रस्त्याचा भाग बंद करण्याचा आदेश दिला. तरीही वाहतूक चालूच राहिली. जानेवारी २०१२ मध्ये जारवा स्त्रियांना नाचायला लावणारी चित्रफीत जगापुढे आली, तेव्हा 'मानवी सफारी' हा शब्दप्रयोग सर्वतोमुखी झाला.

येथे एक तुलना उद्बोधक ठरते. वंडूरच्या उद्यानातील जॉली बॉय आणि रेड स्किन ही बेटे पर्यटकांसाठी आळीपाळीने बंद ठेवली जातात, कारण प्रवाळांना विश्रांती हवी असते. जारवांच्या अरण्यातून जाणारे वाहनांचे ताफे मात्र बारमाही चालतात. प्रवाळाला मिळणारी सवलत माणसाला मिळत नाही. ही विसंगती किनारा व अरण्य यांची स्वतंत्र वर्णने वाचून लक्षात येत नाही. दोहोंना एका कथानकात आणणारी कादंबरीच तिच्याकडे पाहण्याची दृष्टी देते.

कादंबरीची मर्यादा

कथनाचा भार मुख्यतः बाहेरून आलेल्या पात्रांवर असल्यामुळे जारवा बहुतांशी पाहिले जातात. ते स्वतः पाहताना क्वचितच दिसतात. हरीशला त्यांच्यामुळे जगण्याचा अर्थ गवसतो, पण हाही एक प्रकारचा उपयोगच आहे. नागर माणसाच्या आत्मशोधासाठी आदिवासी निमित्त ठरणे हा भारतीय ललित लेखनातील जुना दोष येथे पूर्णपणे टळलेला नाही. मात्र जारवांच्या अंतर्मनाचे कल्पित चित्र अधिकाराने रंगवणे हा त्याहून मोठा दोष ठरला असता. ज्यांची भाषा अवगत नाही, त्यांच्या तोंडी आपले विचार घालण्याचा मोह आवरणे हा लेखकाचा संयमच म्हणावा लागेल. परिणामी वाचकही रस्त्याच्या कडेलाच उभा राहतो. परंतु तेथे उभे राहणे आता त्याला सोपे जात नाही.

अखेरची लाट

२६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीपाशी कथानक येऊन ठेपते. प्रत्यक्षात या आपत्तीत निकोबार बेटांवर हजारो माणसे मृत अथवा बेपत्ता झाली. ओंगे आणि जारवा या समाजांत मात्र मोठी जीवितहानी झाली नाही. समुद्राच्या लाटेतून वाचलेल्या समाजाला माणसांच्या लाटेतून वाचता येईल का, असा प्रश्न शीर्षकातून उमटतो. हा प्रश्न पुढील काळात ग्रेट निकोबारमध्ये अधिक तीव्र झाला. लेदरबॅक कासवांच्या विणीसाठी प्रसिद्ध असलेल्या गलाथिया उपसागराच्या अभयारण्याचा दर्जा जानेवारी २०२१ मध्ये काढून घेण्यात आला आणि २०२२ मध्ये बंदर, विमानतळ व नगरवसाहतीच्या प्रकल्पासाठी सुमारे १३० चौ. कि.मी. वनजमीन वळती करण्यास तत्त्वतः मंजुरी मिळाली. किनारा, अरण्य आणि शोम्पेन समाज हे तिन्ही येथे एकाच निर्णयाच्या कक्षेत आले.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, 'द लास्ट वेव'चे महत्त्व तिच्या निसर्गवर्णनापेक्षा तिने घडवलेल्या दृष्टिबदलात आहे. तिच्या कथनाला मर्यादा आहेत, तथापि स्थळांच्या यादीत विखुरलेला प्रदेश ती पुन्हा एकसंध करून दाखवते. मराठी प्रवासलेखनाला आणि महाविद्यालयांच्या अभ्याससहलींना यातून घेण्यासारखे बरेच आहे. सेल्युलर जेलमध्ये नतमस्तक होणाऱ्याने ती भूमी मूळची कोणाची होती, हेही जाणून घ्यायला हवे. त्या समाजांकडे न जाणे आणि त्यांना त्यांच्या अरण्यात एकटे राहू देणे, हाही प्रवाशाच्या सुसंस्कृतपणाचाच भाग आहे.