उचलून आणणाऱ्यांचे शौर्य : ‘किप्पूर’ चित्रपटाविषयी

दारफाळणीचा सण जवळ आला की आमोस गिताई यांच्या ‘किप्पूर’ या चित्रपटाचा विषय आपल्या मंडळींत निघतो. २००० साली तो कान येथील महोत्सवाच्या स्पर्धेत दाखवला गेला. पाहिलेल्यांपैकी बऱ्याच जणांची तक्रार एकच असते : चित्रपट लढाईचा, पण त्यात शूरपणा कुठे आहे? रणगाड्यांची झुंज नाही, विजय नाही, झेंडा नाही. दोन तास नुसता चिखल, आवाज आणि जखमी माणसे. या तक्रारीत काही तथ्य आहे आणि काही नाही. दोन्ही आम्ही वाचकांपुढे मांडतो.

कथा थोडक्यात अशी. ६ ऑक्टोबर १९७३, योम किप्पूर. रस्ते ओस पडलेले. दुपारी भोंगे वाजतात आणि वाइनराउब व रूसो हे दोन मिलुईमचे सैनिक आपल्या लहानशा गाडीतून गोलानकडे निघतात. तिथे सगळा गोंधळ. त्यांची तुकडी सापडतच नाही. वाटेत गाडी बंद पडलेले डॉ. क्लाउस्नर भेटतात. डॉक्टरांना रमात दाविदच्या विमानतळावर पोहोचवायला गेलेले हे दोघे तिथेच हेलिकॉप्टरच्या बचाव पथकात सामील होतात. मग रोज एकच काम : उडायचे, उतरायचे, जखमींना उचलायचे, परतायचे. शेवटी सीरियाचे क्षेपणास्त्र त्यांच्या हेलिकॉप्टरवर आदळते.

ही गोष्ट गिताई यांच्यावरच बेतलेली आहे. वाइनराउब हे त्यांच्या वडिलांचे आडनाव. युद्ध सुरू झाले तेव्हा ते वास्तुशास्त्राचे विद्यार्थी होते. ११ ऑक्टोबर १९७३ रोजी, त्यांच्या तेविसाव्या वाढदिवशी, ते ज्यात होते त्या हेलिकॉप्टरवर क्षेपणास्त्र आदळले आणि सहवैमानिक जागीच गेला. आईने दिलेला सुपर-८ कॅमेरा त्या दिवसांत त्यांच्याजवळ असे. १९९४ साली त्यांनी याच आठवणींवर माहितीपट केला आणि त्यानंतर हा चित्रपट. तो पडद्यावर यायला सत्तावीस वर्षे लागली. लढाईवरून परतलेला मुलगा वर्षानुवर्षे काही बोलत नाही, हे आपल्यापैकी अनेकांनी घरात पाहिले आहे. त्यांना या विलंबाचे नवल वाटणार नाही.

चित्रपटाचा प्राण एका प्रसंगात आहे. चौघे जण एका जखमीला स्ट्रेचरवरून नेत आहेत. रणगाड्यांनी नांगरलेल्या शेतात गुडघाभर चिखल. एकाचा पाय रुततो, दुसरा घसरतो, स्ट्रेचर कलंडते, जखमी चिखलात पडतो. पुन्हा उचलतात, पुन्हा पडतो. रेनातो बेर्ता यांचा कॅमेरा तिथून हलत नाही. प्रसंग इतका लांबतो की प्रेक्षकाचेही हात भरून यावेत. आणि शेवटी तो माणूस त्यांच्या हातांतच जातो. गेला हे कळूनही सोडवत नाही.

शूरपणा कुठे आहे, असे विचारणाऱ्यांना आमचे उत्तर हेच. तो या चिखलात आहे. बचाव पथकाच्या हाती विजय मिळवणे नसते. शत्रू तर या चित्रपटात जवळजवळ दिसतच नाही. त्यांच्या हाती एवढेच, की ज्याला उचलले त्याला खाली ठेवायचे नाही. आपल्या धर्मात पिकुआह नेफेश, म्हणजे जीव वाचवणे, हे किप्पूरच्याही वर मानले आहे. आपले वाडवडील कोकणात त्या दिवशी दारे लावून, पांढरी वस्त्रे नेसून घरातच बसत. कोणाशी शिवाशीव नको, व्यवहार नको. त्याच दिवशी ही माणसे दारे उघडून गाडी घेऊन निघतात आणि पुढे परक्याच्या रक्ताने माखतात. चित्रपट हे शब्दांत कुठे सांगत नाही, पण किप्पूर हे नाव त्याला शोभते ते यामुळे.

आता तक्रारीतले तथ्य. हेलिकॉप्टरचा आवाज सतत असल्याने माणसांचे बोलणे ऐकूच येत नाही. हे मुद्दाम केलेले आहे. आत खरोखर असेच असते; तरी कान थकतात. दुसरी उणीव मोठी आहे. वैमानिक या चित्रपटात पाठमोराच राहतो. स्ट्रेचर उचलणारे धावपळ करू शकतात, आडोसा घेऊ शकतात. वैमानिकाला मात्र तोफगोळे पडत असताना यंत्र जमिनीवर टेकवून, पंखा फिरता ठेवून बसून राहावे लागते. आणखी एकाला घ्यायचे तर वजन वाढते. आणखी एक मिनिट थांबायचे तर आधीच घेतलेल्यांचा जीव धोक्यात. कधी उडायचे हे त्यालाच ठरवायचे असते आणि मागे कोण राहिले हे त्यालाच आयुष्यभर आठवायचे असते. हातपाय न हलवता केलेले हे धैर्य गिताई यांच्या कॅमेऱ्याने टिपलेले नाही. ते स्वतः मागच्या बाजूला बसत होते. चित्रपटही तिथूनच पाहतो. युद्धानंतर, १९७४ साली, हवाई दलाने ६६९ हे खास बचाव पथक उभारले. त्यामागे अशाच दिवसांचा अनुभव होता.

तिसरे असे, की घरी वाट पाहणारे यात नाहीत. डॉ. क्लाउस्नर युरोपातले आपले बालपण आणि आई यांची आठवण सांगतात, तो भाग आम्हांला फार भिडला. पण त्या सैन्यात मुंबईहून, कोकणातून आलेल्यांची मुलेही होती. एलियाहू हन्नाबीला मलिद्याचा नवस बोलून रेडिओजवळ बसलेली आई कोणत्याच पडद्यावर आलेली नाही. हा दोष एकट्या गिताई यांचा म्हणता येणार नाही. त्यांनी आपली आठवण मांडली. आपली आपणच मांडायला हवी. ज्यांना ते दिवस आठवतात त्यांनी नातवंडांना सांगावे, नाहीतर लिहून ठेवावे.

एक सूचना : चित्रपटाच्या सुरुवातीला आणि शेवटी रंगांनी माखलेल्या प्रेमिकांचे दृश्य आहे. नातवंडांसोबत पाहणाऱ्यांनी ते ध्यानात ठेवावे. ज्यांच्या घरी त्या युद्धातून कोणी परत आले नाही, त्यांनी हा चित्रपट एकट्याने पाहू नये, सोबत कोणीतरी असू द्यावे. बाकीच्यांनी मात्र जरूर पाहावा आणि चिखलाचा प्रसंग लांबला म्हणून उठून जाऊ नये.