गुरूचा पराजय, शिष्याचे ऋण

सर्वत्र विजयाची इच्छा धरावी, पण शिष्याकडून मात्र पराभवच इच्छावा, अशा आशयाचे एक जुने संस्कृत सुभाषित आहे. सत्कारसमारंभांत आणि निवृत्तीच्या निरोपसभांत आपण ते वारंवार ऐकतो आणि संमतीदर्शक मान डोलावतो. परंतु शिष्य खरोखरच समोर उभा ठाकला, लाखभर माणसांच्या साक्षीने त्याने गुरूला हरविले आणि हे एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा घडले, तर त्या दोघांच्या अंतःकरणात काय चालत असेल? सुभाषितकार याविषयी मौन पाळतात. मला या प्रश्नाचा विचार करावयास लावले ते एका पुस्तकाने. त्याचा विषय पाहता ते माझ्यासारख्या वाचकाच्या हाती एरवी कधीच पडले नसते.

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण अमेरिकेत नोकरी करतो. नाताळच्या सुट्टीत घरी आला असता त्याने मायकेल रोझेनबर्ग या क्रीडापत्रकाराचे 'वॉर ॲज दे न्यू इट' हे २००८ साली प्रसिद्ध झालेले पुस्तक माझ्या हाती ठेवले. "फादर, खेळाचे म्हणून नको, माणसांचे पुस्तक म्हणून वाचा," असे तो म्हणाला. वुडी हेज आणि बो शेंबेक्लर या दोन महाविद्यालयीन फुटबॉल प्रशिक्षकांच्या स्पर्धेची ही कहाणी आहे.

फुटबॉल म्हटले की चर्चमागच्या मैदानावर आपली मुले खेळतात तो खेळ आपल्या डोळ्यांपुढे येतो. हा खेळ तो नव्हे. अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू लांबट असतो. तो हातात घेऊन किंवा हवेतून फेकून प्रतिपक्षाच्या हद्दीत पोहोचवावयाचा असतो आणि चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकावे लागते. चेंडू अंतिम रेषेपलीकडे नेला की सहा गुण मिळतात. त्यानंतर लाथेने एक अथवा पुन्हा धाव घेऊन दोन जादा गुण मिळविण्याची संधी असते. विद्यापीठांच्या संघांचे हे सामने तेथे राष्ट्रीय उत्सवासारखे साजरे होतात. ओहायो स्टेट आणि मिशिगन या शेजारी राज्यांतील दोन विद्यापीठांचा वार्षिक सामना त्यांत विशेष मानाचा समजला जातो.

हेज यांचा जन्म १९१३ सालचा. दुसऱ्या महायुद्धात ते नौदलात होते. लष्करी इतिहासाचे त्यांना वेड होते आणि इमर्सन हा त्यांचा आवडता विचारवंत होता. ओहायोतील ऑक्सफर्ड या लहानशा गावी मायामी नावाचे विद्यापीठ आहे. फ्लोरिडातील प्रसिद्ध शहराशी त्याचा संबंध नाही. तेथे १९४९ आणि १९५० या दोन वर्षी हेज प्रशिक्षक असताना त्यांच्या हाताखाली खेळणाऱ्या मुलांत १९२९ साली जन्मलेला शेंबेक्लर होता. १९५१ मध्ये हेज ओहायो स्टेट विद्यापीठात गेले, तेव्हा हा विद्यार्थीही त्यांच्यामागे गेला. पुढे १९५८ पासून पाच वर्षे तो त्यांचा साहाय्यक होता. त्या काळात हेज यांनी संतापाच्या भरात आपल्यावर खुर्ची भिरकावल्याची आठवण शेंबेक्लर उतारवयात हसत हसत सांगत असत. मायामी विद्यापीठाने त्यांना मुख्य प्रशिक्षकपद देऊ केले, तेव्हा हेज यांनी त्यांना थांबण्याचा आग्रह केला आणि आपल्यानंतर ही जागा तुझीच, असे सुचविले असे सांगतात. शिष्य थांबला नाही. पुढे गुरूंनी ती जागा आणखी सोळा हंगाम सोडली नाही, हे पाहता शिष्याचा निर्णय शहाणपणाचाच म्हणावा लागेल.

मूळ संघर्षाची बीजे १९६८ च्या सामन्यात आहेत. त्या वर्षी ओहायो स्टेटने मिशिगनचा ५० विरुद्ध १४ असा धुव्वा उडविला. विजय केव्हाच निश्चित झाला होता. तरीही शेवटी एका जादा गुणावर समाधान न मानता हेज यांच्या संघाने दोन गुणांसाठी प्रयत्न केला. तो फसला, पण अपमान व्हावयाचा तो झालाच. पुढच्या हंगामासाठी मिशिगनने आपला नवा प्रशिक्षक म्हणून हेज यांच्याच शिष्याची निवड केली. शेंबेक्लर यांनी त्या ५० गुणांची आठवण आपल्या खेळाडूंच्या डोळ्यांपुढे सतत जागती ठेवली.

२२ नोव्हेंबर १९६९ रोजी ॲन आर्बर येथे १,०३,५८८ प्रेक्षकांसमोर दोघे प्रथमच आमनेसामने आले. ओहायो स्टेटचा संघ देशात अव्वल मानला जात होता आणि त्याने लागोपाठ बावीस सामने जिंकले होते. मिशिगनने तो २४ विरुद्ध १२ असा हरविला. गुरू तेव्हा ५६ वर्षांचे होते आणि शिष्य ४० वर्षांचा. आता अपमान जपून ठेवण्याची पाळी गुरूंची होती. त्यांनी २४-१२ हे आकडे विणलेला गालिचा तयार करवून घेतला आणि खेळाडूंना रोज त्यावरून जावे लागेल असा तो अंथरला, असे सांगतात. १९७० मध्ये ओहायो स्टेटने २० विरुद्ध ९ अशी परतफेड केली.

या ठिकाणी वाचकाला कथेचे मर्म उमगू लागते. शिष्याने ५० चा आकडा जपला, गुरूने २४-१२ चा. दोघांची शिकवण्याची रीत एक, दोघांचे शस्त्र एक. चेंडू फार फेकावयाचा नाही. तो हातात घट्ट धरून जमिनीवरून, इंच इंच लढवीत पुढे न्यावयाचा, हा हेज यांचा खेळ होता. शेंबेक्लर यांनी त्याच खेळाने त्यांचा सामना केला. म्हणूनच या सामन्यांतील गुणसंख्या इतकी तुटपुंजी दिसते: १०-७, १४-११, १२-१०. जणू एक माणूस आरशासमोर उभा राहून स्वतःशीच झुंजत आहे.

सेमिनरीत शिकलेल्या आम्हां मंडळींना हे दृश्य अपरिचित नाही. नवदीक्षित धर्मगुरू प्रवचन करू लागला की त्याच्या बोलण्यातील विराम, हाताची लकब, एखाद्या शब्दावरचा विशिष्ट जोर यांवरून त्याला कोणी शिकविले हे जुन्या मंडळींना ओळखता येते. ज्या प्राध्यापकाशी त्याचे कधी पटले नाही, त्याचीच लकब पुष्कळदा त्याच्या अंगी उतरलेली असते. शिष्य गुरूचे ज्ञान निवडून घेऊ शकतो. स्वभाव मात्र नकळत घेतो.

१९६९ ते १९७८ या दशकाला पुढे 'दहा वर्षांचे युद्ध' असे नाव पडले. दहा सामन्यांपैकी पाच शेंबेक्लर यांनी जिंकले, चार हेज यांनी. १९७३ चा १०-१० असा बरोबरीत सुटला. त्या बरोबरीची कथा फार बोलकी आहे. दोन्ही संघ त्या हंगामात अपराजित होते. पासाडीना येथील मानाच्या 'रोझ बोल' सामन्यासाठी कोणाला पाठवावे, हे 'बिग टेन' या संघटनेतील विद्यापीठांच्या क्रीडासंचालकांनी मतदानाने ठरविले आणि ओहायो स्टेटची निवड केली. मिशिगनचा मुख्य खेळाडू जखमी झाला होता, हे कारण पुढे आले. शेंबेक्लर यांना हा अन्याय जन्मभर सलत राहिला. १९७२ ते १९७४ या तीन हंगामांत त्यांच्या मुलांनी तीस सामने जिंकले, दोन गमावले, एक बरोबरीत सोडविला. ते दोन पराभव आणि ती बरोबरी, तिन्ही हेज यांच्याच संघाविरुद्धची. तेव्हाच्या नियमानुसार संघटनेचा एकच संघ हंगामोत्तर सामना खेळू शकत असे. त्यामुळे त्या तीन वर्षांत मिशिगनच्या मुलांना असा एकही सामना लाभला नाही.

रोझेनबर्ग यांचे यश असे की, ही कथा त्यांनी मैदानाच्या चार रेषांत कोंडून ठेवलेली नाही. तो काळ व्हिएतनाम युद्धाचा होता. मिशिगन विद्यापीठातच १९६५ साली युद्धाविरुद्ध रात्रभर व्याख्याने देऊन निषेध करण्याची प्रथा सुरू झाली. ४ मे १९७० रोजी ओहायोतील केंट स्टेट विद्यापीठात सैनिकांच्या गोळीबारात चार विद्यार्थी ठार झाले. त्या वसंतात हेज यांच्या विद्यापीठातही दंगल उसळली. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे मित्र आणि व्हिएतनाममध्ये जाऊन सैनिकांना भेटणारे हेज त्या क्षुब्ध विद्यार्थ्यांत मिसळून त्यांना शांत करू पाहत होते. आज्ञा, शिस्त, निष्ठा या शब्दांवर ज्यांचे आयुष्य उभे होते, त्यांच्या भोवतालचा देश नेमक्या याच शब्दांविषयी प्रश्न विचारू लागला होता. हा ताण लेखकाने समर्थपणे पकडला आहे.

शीर्षकातील 'युद्ध' या शब्दाविषयी मात्र मला अडखळल्यासारखे झाले. त्या युद्धात ५८ हजारांहून अधिक अमेरिकन सैनिक आणि लक्षावधी व्हिएतनामी माणसे मृत्युमुखी पडली. त्याच दशकातील खेळाला युद्ध म्हणण्यात लेखकाला उपरोध अभिप्रेत असावा. परंतु खेळाचे सामने रंगू लागले की उपरोध मागे पडतो आणि लेखकही त्या रणगर्जनेत ओढला जातो.

शेवट दुःखद आहे. १९७६, १९७७ आणि १९७८ असे लागोपाठ तीन सामने हेज हरले. या तिन्ही सामन्यांत त्यांच्या संघाला एकदाही चेंडू अंतिम रेषेपलीकडे नेता आला नाही. २९ डिसेंबर १९७८ रोजी क्लेमसन विद्यापीठाविरुद्धच्या 'गेटर बोल' सामन्यात प्रतिपक्षाच्या एका खेळाडूने निर्णायक क्षणी चेंडू अडविला आणि तो हेज यांच्याजवळ सीमेबाहेर आला. पासष्ट वर्षांच्या त्या प्रशिक्षकाने त्या मुलावर हात उगारला आणि ठोसा मारला. देशभर लोकांनी ते दूरचित्रवाणीवर पाहिले. दुसऱ्याच दिवशी त्यांना पदावरून दूर करण्यात आले. अठ्ठावीस हंगामांची कारकीर्द एका क्षणात संपली.

गुरुशिष्यांचा स्नेह मात्र टिकला. १९८६ मध्ये हेज यांनी ओहायो स्टेटच्या पदवीदान समारंभात भाषण केले. आपल्यावरील ऋण ज्यांचे त्यांना बहुधा फेडता येत नाही. म्हणून ते पुढच्यांना द्यावे, असा विचार इमर्सनचा आधार घेऊन त्यांनी मांडला. १२ मार्च १९८७ रोजी ते निवर्तले. शेंबेक्लर १७ नोव्हेंबर २००६ रोजी, ओहायो स्टेट-मिशिगन सामन्याच्या आदल्या दिवशी गेले, आणि दुसऱ्या दिवशी प्रतिस्पर्ध्यांच्या मैदानावर त्यांना आदरांजली वाहण्यात आली. २००८ सालचा वाचक येथे डोळे पुसून पुस्तक मिटू शकत होता.

आज आपल्याला तसे करता येत नाही. मिशिगन विद्यापीठात अनेक वर्षे फुटबॉल संघाची देखभाल केलेले डॉ. रॉबर्ट अँडरसन यांनी तपासणीच्या नावाखाली मोठ्या संख्येने विद्यार्थ्यांचे लैंगिक शोषण केले, हे विद्यापीठानेच नेमलेल्या विधिज्ञांच्या मे २०२१ च्या अहवालातून पुढे आले. आपण ही गोष्ट शेंबेक्लर यांच्या कानावर घातली होती, पण त्यांनी काही केले नाही, असे काही माजी खेळाडूंनी आणि शेंबेक्लर यांच्या एका दत्तक पुत्राने जाहीरपणे सांगितले. कुटुंबातील इतरांनी हे मान्य केले नाही. त्यांना ठाऊक असते तर ते गप्प बसले नसते, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही व्यक्ती हयात नसल्याने न्यायालयासमोर उत्तर देणारा कोणी उरला नाही. जानेवारी २०२२ मध्ये विद्यापीठाने हजाराहून अधिक तक्रारदारांसाठी ४९ कोटी डॉलरची तडजोड जाहीर केली.

लेखकाला २००८ साली हे ठाऊक नव्हते. त्याचा दोष त्यांना देणे अन्यायाचे होईल. परंतु हे कळल्यानंतर पुस्तक पुन्हा वाचले असता एक उणीव जाणवते. लेखकाची नजर दोन प्रशिक्षकांवर खिळलेली आहे. मुले दिसतात ती बहुधा त्यांच्या डोळ्यांनी: धावणारी, पडणारी, जिंकून आणणारी. ज्या मुलाला काही सांगावयाचे होते आणि ज्याला दार उघडे सापडले नाही, तो या वीरकथेत कोठे बसणार? 'जे टिकतील ते विजेते होतील' अशी पाटी शेंबेक्लर यांनी १९६९ मध्ये लावली होती. टिकणे हाच जेथे सर्वोच्च गुण, तेथे वेदना बोलून दाखविणे हा दुबळेपणा ठरतो. आरोपांचा निवाडा काहीही असो, ही हवा त्या मैदानावर होती, आणि गुरूपासून शिष्याकडे आली होती.

हेज यांचा ठोसा सर्वांनी पाहिला आणि एका दिवसात त्याची किंमत वसूल झाली. न ऐकलेल्या तक्रारीचे छायाचित्र नसते. तिची किंमत दुसरेच कोणी, पन्नास वर्षे, मुकाट्याने मोजीत राहते. या दोन अपराधांत आपण पहिल्याला चटकन शिक्षा करतो आणि दुसऱ्याला बहुधा निष्ठेचे नाव देतो. यामुळे शेंबेक्लर यांनी घडविलेल्या शेकडो खेळाडूंची कृतज्ञता खोटी ठरत नाही. मात्र त्या कृतज्ञतेने दुसऱ्या मुलांची तक्रार खोडून काढता येणार नाही.

ज्यांच्या हाती इतरांची मुले सोपविली जातात अशा सर्वांनी, शिक्षकांनी, प्रशिक्षकांनी आणि आम्हां धर्मगुरूंनीही, हे पुस्तक अवश्य वाचावे. सुभाषितातील गुरू शिष्याकडून पराजय इच्छितो. तेवढी उदारता कदाचित कष्टाने साधेल. शिष्य आपल्या विश्वासातील माणसाविरुद्ध काही सांगू लागला तर ते बसून ऐकून घेणे, त्याहून पुष्कळ कठीण आहे. ऋण पुढच्यांना द्यावे असे हेज म्हणाले होते. मुलाचे ऐकून घेणे हा त्या ऋणाचा पहिला हप्ता असे मला वाटते.

तो तरुण पुढच्या नाताळात येईल, तेव्हा हे पुस्तक मी त्याला परत देईन. माणसांचे पुस्तक म्हणून वाचा, असे तो म्हणाला होता. तसेच वाचले, आणि त्यात नसलेली माणसेच अधिक आठवत राहिली, एवढे त्याला सांगावयाचे आहे.