आठवीतला पॅसिव्ह व्हॉइस आणि आपला सिनॉप्सिस

सिनॉप्सिसचा पहिला मसुदा लिहिणाऱ्या बहुतेकांची मेथडॉलॉजी एकाच सुरात असते: वॉज डन, वॉज टेकन, वॉज ऑब्झर्व्ह्ड. ‘असं का लिहिलंस?’ म्हणून विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘सायन्समध्ये पॅसिव्हच वापरतात ना!’ हा नियम कोणी सांगितला ते मात्र कोणालाच आठवत नाही. माझा संशय आठवी-नववीच्या व्याकरणावर आहे.

व्हॉइसचा तो धडा आठवून बघा. कर्ता-कर्माची अदलाबदल करा, क्रियापदाचं तिसरं रूप घ्या, ‘बाय’ लावा, ‘डू ॲज डायरेक्टेड’चा मार्क खिशात. ‘राम ईट्स अ मँगो’चं ‘अ मँगो इज ईटन बाय राम’ झालं. असं वाक्य कोण, कधी, कशाला बोलेल, हे विचारायची सोय नव्हती.

रेन आणि मार्टिनच्या जाडजूड व्याकरणाला शिव्या देण्याआधी तो धडा परत वाचा. कर्त्याला महत्त्व द्यायचं तर ॲक्टिव्ह, ज्याच्यावर क्रिया घडते त्याला पुढे आणायचं तर पॅसिव्ह, हे त्यात स्पष्ट दिलंय. पण दिलंय थोड्या ओळींत, आणि पुढे वाक्यं बदलायचे स्वाध्याय. परीक्षेने स्वाध्याय उचलले, त्या ओळी तिथेच राहिल्या.

मराठी माध्यमवाल्यांचा आणखी एक घोळ असतो. आपल्याला सांगितलं जातं की पॅसिव्ह म्हणजे कर्मणी प्रयोग. आता ‘सीतेने आंबा खाल्ला’ आणि ‘सीतेने पोळी खाल्ली’ ही वाक्यं घ्या. क्रियापद कर्माप्रमाणे बदललं, म्हणून दोन्ही कर्मणी. पण इंग्रजीत हे सरळ ‘सीता एट अ मँगो’, म्हणजे ॲक्टिव्ह! सीता कुठेही मागे सरकलेली नाही. मराठीचा प्रयोग सांगतो क्रियापद कोणाच्या मागे चालतं. इंग्रजीचा व्हॉइस ठरवतो की कर्त्याच्या जागेवर कोणाला बसवायचं. इंग्रजी पॅसिव्हच्या खरं जवळचं वाक्य म्हणजे ‘रावण रामाकडून मारला गेला’. त्यासाठी आपल्या व्याकरणात ‘नवीन कर्मणी’ असा वेगळा प्रकार करावा लागला, यातच सगळं आलं.

हे सगळं संशोधनात कुठे नडतं? एक तर ‘द रिॲक्शन वॉज ऑकर्ड’सारख्या वाक्यांत. ‘ऑकर’ला कर्मच नाही, मग पॅसिव्ह कुठून होणार? पण ‘वॉज’ लावलं की सायंटिफिक वाटतं. ही चूक सुपरव्हायझर लाल पेनाने दुरुस्त करतात, विषय संपतो.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. ‘द सॅम्पल वॉज हीटेड’ यात काही वाईट नाही. बीकर कोणी तापवला याच्याशी वाचकाला देणंघेणं नसतं, सॅम्पलचं काय झालं ते हवं असतं. पण ‘थ्री रीडिंग्ज वेअर डिस्कार्डेड’? रीडिंग्ज आपोआप गळून पडत नाहीत. कोणीतरी बसून ठरवलेलं असतं. तापवणं ही कृती आहे, वगळणं हा निर्णय आहे, आणि पॅसिव्हमध्ये दोन्ही सारखेच दिसतात. तुमच्या मसुद्यात ‘वॉज’ आणि ‘वेअर’ शोधा आणि प्रत्येक ठिकाणी ‘कोणी?’ विचारा. उत्तराने वाचकाला फरक पडत नसेल तर वाक्य राहू द्या. पडत असेल तर ‘वुई’ लिहा. घाबरू नका. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरचा 1953 चा ‘नेचर’मधला पेपर ‘वुई’ याच शब्दाने सुरू होतो. (तुमच्या विद्यापीठाचा किंवा जर्नलचा फॉरमॅट वेगळं सांगत असेल तर तो पाळा, पण मग वगळण्याचं कारण त्याच वाक्यात द्या.)

वरचं तीन रीडिंग्जचं वाक्य माझंच होतं. गाइडने समोर एवढंच लिहिलं होतं: ‘कोणी? का?’ मी ते ‘वुई डिस्कार्डेड थ्री रीडिंग्ज बिकॉज’ असं सुरू केलं, आणि ‘बिकॉज’च्या पुढे लिहायला लागल्यावर कळलं की माझ्याकडे कारण फक्त दोघांचं होतं. तिसरं रीडिंग टेबलमध्ये परत गेलं. एरर बार वाढला.