‘मुरड’ : एका जुन्या शब्दाचे अर्थ आणि उपयोजन

प्रास्ताविक :

शब्दाचा अर्थ कोशात नोंदवला जातो; परंतु तो घडतो लोकांच्या हातातील कामातून. वळणे, पिळणे, दुमडणे या क्रियांसाठी मराठीत रूढ असलेला ‘मुरडणे’ हा जुना धातू आणि त्यावरून आलेले ‘मुरड’ हे नाम याचे उत्तम उदाहरण होय. ‘मनाला मुरड घालणे’ या वाक्प्रचाराचा ‘इच्छा मारणे’ असा अर्थ सर्रास सांगितला जातो. तो कितपत ग्राह्य आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात खानदेशच्या संदर्भात केला आहे.

विवेचन :

मराठीचा धातुकोश सिद्ध करणारे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे निधन १९२६ मध्ये धुळ्यात झाले. शब्दाचा माग त्यातील मूळ क्रियेपर्यंत काढण्याची त्यांची दृष्टी येथे उपयोगी पडते. पाय मुरडतो, नाक मुरडले जाते, पोटात मुरडा येतो. या सर्व ठिकाणी वस्तू तुटत नाही, तिची दिशा बदलते. जुन्या मराठीत ‘मुरडणे’ म्हणजे मागे वळणे, परतणे असाही अर्थ आहे. सातपुड्याच्या रानात आढळणारी मुरडशेंग दोरीसारखी पीळदार असते आणि पोटातील मुरड्यावरच ती उगाळून देतात. संस्कृतातील तिचे ‘आवर्तनी’ हे नावही वळणाचेच सूचक आहे.

या शब्दाचे सर्वांत अर्थपूर्ण उपयोजन स्वयंपाकघरात दिसते. करंजीची कड दोन प्रकारे पुरी करता येते. कातणाने ती कापली जाते. मुरड घालताना मात्र काहीच कापले जात नाही. कड चिमटीत धरून आतल्या बाजूस दुमडत नेली जाते. हेतू एवढाच की, सारण तेलात सांडू नये. म्हणजे मुरड सारणाला नष्ट करीत नाही, ते राखते.

याच दृष्टीने बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांची ‘मन’ ही कविता पाहता येते. जळगावजवळील असोद्याच्या या कवयित्रीचा ‘बहिणाबाईंची गाणी’ हा संग्रह १९५२ मध्ये प्रकाशित झाला. त्यांनी मनाला पिकात शिरणाऱ्या ढोराची उपमा दिली आहे. हाकलले तरी ते पुन्हा येते. शेतकरी ढोराला बांधावरून वळवतो, मारून टाकत नाही. कारण उद्या त्याच ढोरावर शेती चालायची असते. येथे शब्दसाम्य दाखवण्याचा हेतू नाही. परंतु संयमाची कल्पना दोन्हीकडे सारखीच आहे.

समारोप :

करंजीला मुरड घालणारे हात बहुधा स्त्रियांचे आणि मनाला मुरड घालण्याचा उपदेशही बहुधा त्यांनाच, ही बाब समीक्षेने दुर्लक्षून चालणार नाही. बारावीनंतर शिक्षण सोडावे लागणाऱ्या मुलीला ‘मनाला मुरड घाल’ असे सांगितले जाते, तेव्हा शब्द मुरडीचा असतो, कृती मात्र कातणाची असते. मुरड घालणाऱ्याने सारण राखले पाहिजे, ही अट या शब्दातच अंतर्भूत आहे. ती विसरून केलेला वाक्प्रचाराचा वापर हा भाषेचा आणि त्या मुलीचाही अपमान ठरतो. पाठ्यपुस्तकांतून वाक्प्रचार शिकवताना केवळ एका ओळीत अर्थ न देता त्यामागील क्रियाही सांगितली जावी, असे या विवेचनावरून म्हणता येते.