आठ दिवसांची आखणी

मासिकांतून कादंबऱ्यांची, काव्यसंग्रहांची आणि प्रवासवर्णनांची परीक्षणे नित्य येतात. परंतु प्रवासवर्णनाचे जे मूळ, म्हणजे निघण्यापूर्वी कागदावर मांडलेला आराखडा, त्याकडे टीकाकारांची दृष्टी अद्याप वळलेली दिसत नाही. वस्तुतः हल्ली हा वाङ्मयप्रकार घरोघर लिहिला जातो. परदेशी जावयाचे, तेथे भाड्याची मोटार घेऊन स्वतःच चालवावयाची, आणि रजा तर जेमतेम आठ-दहा दिवसांची, अशा बेतात गढलेली मंडळी आमच्या स्नेह्यांत पुष्कळ आहेत. प्रत्येकाची इच्छा एकच, की आखणी पक्की असावी आणि तरी मन मानेल तेथे थांबता यावे. या दोन गोष्टी एकत्र कशा नांदाव्या, हा प्रश्न आमच्या मते पुष्कळ अंशी लेखनाचा प्रश्न आहे. इतर लेखनाचे दोष वाचकाला सोसावे लागतात. येथे ते लेखकालाच भोगावे लागतात. म्हणून त्याचे परीक्षण करणे अगत्याचे वाटते.

परीक्षणासाठी आमच्यापुढे जो लेख आहे तो आमच्याच प्रवासाचा आहे. आम्ही महाविद्यालयात पंचवीसहून अधिक वर्षे इंग्रजी गद्य शिकवीत आलो. सॅम्युअल जॉन्सन आणि जेम्स बॉस्वेल या दोघांनी १७७३ साली स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात व पश्चिमेकडील बेटांत जो प्रवास केला, त्यावरील दोन्ही ग्रंथ आम्ही वर्गात इतक्या वेळा उलगडले, की त्या भूमीवर पाऊल न ठेवताच तेथील वाटा आम्हांस पाठ झाल्या होत्या. अखेर एका मे महिन्यात पत्नीसह तिकडे जाण्याचा योग आला. हाती दिवस आठ. एका प्रवासी कंपनीने आम्हांस एक आराखडा तयार करून दिला. त्यात एडिंबरो, सेंट अँड्रूज, इन्व्हर्नेस, उत्तर किनाऱ्याची प्रदक्षिणा, स्काय बेट, ग्लेनको, मल बेट, आयोना आणि लॉक लोमंड, इतके सारे सुबकपणे बसविले होते. प्रथमदर्शनी आम्ही त्यावर लुब्ध झालो, हे कबूल करणे प्राप्त आहे.

या लेखाचा पहिला दोष असा, की त्यात क्रियापद एकच आहे : 'पाहणे'. अमुक किल्ला पाहणे, तमुक सरोवर पाहणे. थांबणे, चुकणे, दमणे, भिजणे, जेवणे या क्रिया जणू प्रवासात घडतच नाहीत. दुसरा दोष मापाचा. सर्व अंतरे मैलांत दिली होती, आणि त्या मुलखात मैल हे माप फसवे आहे. उत्तर किनाऱ्याची जी प्रदक्षिणा सांगतात, ती इन्व्हर्नेसपासून निघून पुन्हा तेथेच येणारी सुमारे ५१६ मैलांची, म्हणजे ८३० किलोमीटरांची वाट आहे. रस्ते जुनेच, त्यांना एका सूत्रात ओवून 'नॉर्थ कोस्ट ५००' हे नाव २०१५ साली देण्यात आले. आमच्या आराखड्याने तिला दोन दिवस दिले होते. परंतु या वाटेवर कित्येक ठिकाणी एकाच मोटारीपुरता रस्ता आहे. समोरून दुसरी मोटार आली, की जवळ असेल त्याने, रस्त्याला ठिकठिकाणी ठेवलेल्या फुगवट्यापाशी वाट द्यावयाची. या जागा पांढऱ्या चौकोनी किंवा शंकरपाळ्याच्या आकाराच्या पाट्यांनी दाखविलेल्या असतात. जागा डाव्या हाताला असेल तर तीत शिरावे. उजव्या हाताला असेल तर तिच्यासमोर आपल्याच बाजूस थांबावे. मागून कोणी घाईत असेल तर त्यालाही येथेच पुढे जाऊ द्यावे, आणि छायाचित्रे घेण्यासाठी ही जागा कदापि अडवू नये. अशा मोकळ्या रस्त्यांवर कायद्याची कमाल मर्यादा ताशी ६० मैलांची असते. तो वेग गाठता येतो असा मात्र तिचा अर्थ नव्हे. तेव्हा येथे अंतर तासांत मोजावे, आणि नकाशा जे तास सांगेल त्यात निदान चौथा हिस्सा भर घालावी.

तिसरा दोष सर्वांत मोठा : त्या लेखात सर्व स्थळांना सारखेच महत्त्व होते. ज्या निबंधात प्रत्येक वाक्य अधोरेखित केले आहे, त्यातून विद्यार्थ्याला काय समजले आहे हे परीक्षकास कळत नाही. तसेच ज्या आराखड्यात एकही स्थळ गाळण्याजोगे नाही, त्यातून प्रवाशाला काय हवे आहे हे कळत नाही.

आता तुलनेसाठी जॉन्सन-बॉस्वेलांकडे वळू. १८ ऑगस्ट १७७३ रोजी ते एडिंबरोहून निघाले आणि ९ नोव्हेंबरला तेथे परतले. म्हणजे ८३ दिवस झाले. जॉन्सन त्या वेळी त्रेसष्ट वर्षांचे, देहाने अवजड. इन्व्हर्नेसपर्यंत घोडागाडी चालली. पुढे गाडीचा रस्ता सरला, तेव्हा त्यांनी घोडी भाड्याने घेतली. त्यांचा बेत होता, पण तो हवामानाच्या स्वाधीन होता. स्कायहून मल बेटाकडे निघाले असता वादळाने त्यांना कॉल नावाच्या बेटावर नेऊन टाकले, आणि अनुकूल वाऱ्याची वाट पाहत तेथे दहा-एक दिवस काढावे लागले. परंतु आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो त्याआधीचा एक प्रसंग. ॲनॉकहून ग्लेनशीलकडे जाताना दुपारी घोड्यांना विसावा देण्यासाठी मंडळी एका ओढ्याकाठी थांबली. जॉन्सन तेथे हिरवळीच्या काठावर बसून राहिले. चहूकडे ओसाड डोंगर. या प्रवासाचे वर्णन लिहावे ही कल्पना प्रथम तेथेच सुचली, असे त्यांनी स्वतः नमूद करून ठेविले आहे. १७७५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथाचे बीज कोणत्याही प्रेक्षणीय स्थळी पडले नाही. ते घोडी दमली म्हणून घडलेल्या मुक्कामात पडले. आपल्याकडे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेने उत्तरेस निघाले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. 'माझा प्रवास' हा ग्रंथ मराठीस लाभला तो त्यांचा मूळ बेत मोडला म्हणूनच.

यावर कोणी म्हणेल, की त्यांच्यापाशी ८३ दिवस होते, तुमच्यापाशी आठ. बेत मोडण्याची चैन तुम्हांस कशी परवडणार? हा आक्षेप खरा आहे आणि सर्व विचाराचा कणा तोच आहे. सवड अल्प असली की मनुष्य दोहोंपैकी एका टोकाला जातो. एक पक्ष प्रत्येक तास आखून टाकतो. दुसरा म्हणतो, काहीच ठरवू नये. मोटार आपली, रस्ता आपला, रात्र होईल तेथे उतरावे. हा दुसरा पक्ष ऐकावयास रम्य आहे. परंतु स्काय बेटावर उन्हाळ्याच्या दिवसांत ऐन वेळी खोली मिळणे दुरापास्त असते, आणि ज्याने काहीच ठरविले नाही त्याची संध्याकाळ दारोदार चौकशी करण्यात जाते. आमच्या ख्यालगायकाचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. बंदिश ठरलेली, तालाचे आवर्तन ठरलेले, समेवर केव्हा यावयाचे तेही ठरलेले. म्हणूनच मधल्या अवकाशात तो निर्धास्तपणे विहार करतो. ज्याला समेचा भरवसा नाही तो मोकळा गात नाही, तो केवळ मात्रा मोजीत राहतो.

या दृष्टीने आम्ही आमचा आराखडा नव्याने लिहिला. प्रथम आठ दिवसांचे खरे किती ते पाहिले. येण्याचा एक व जाण्याचा एक वजा जाता सहा उरले. एडिंबरोत मोटारीचा उपयोग नाही, उलट ती उभी करण्याचा खर्च आहे. शिवाय रात्रभराच्या विमानप्रवासानंतर लगेच परक्या रस्त्यावर चाक हाती घेणे हा अविचार होय. म्हणून पहिल्या दोन रात्री तेथे काढून तिसऱ्या दिवशी सकाळी मोटार घेण्याचे ठरविले. भारतीय परवाना तेथे पाहुण्यास बारा महिन्यांपर्यंत चालतो, आणि वाहने आपल्याप्रमाणेच डाव्या बाजूने चालतात, ही मोठीच सोय. मात्र भाड्याने देणाऱ्याच्या स्वतंत्र अटी असतात, त्या आधी वाचाव्या. आपोआप गिअर बदलणारी गाडी थोडी महाग पडली तरी तीच घेतली, कारण अनोळखी अरुंद वाटेवर हात आणि डोळे जितके मोकळे तितके बरे.

पुढचा मुक्काम लॉक नेसच्या टोकाशी फोर्ट ऑगस्टस येथे एक रात्र, मग स्कायवर तीन रात्री, अखेरची रात्र पुन्हा एडिंबरोत. उत्तर किनारा समूळ गाळला. एडिंबरोहून स्कायचे पोर्ट्री गाव साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. ते एका दमात तोडण्याऐवजी मध्ये रात्र घातल्याने दोन मोकळ्या दुपारी हाती आल्या. एकाच ठिकाणी तीन रात्री ठेवण्यामागे हिशेब असा, की तेथे हवा केव्हा उघडेल याचा नेम नाही. उघडेल तेव्हा आपण तेथे असणे एवढेच आपल्या हाती असते. स्कायवरील तिसरी रात्र मात्र रद्द करता येण्याजोगी घेतली व तिच्यासाठी चार पैसे अधिक मोजले. लवचीकपणा फुकट मिळत नाही. तो कोठे विकत घ्यावयाचा हे आखणी करतानाच ठरवावे लागते. ही रात्र आम्ही आयोनासाठी सैल ठेविली होती.

प्रत्यक्षात काय घडले ते थोडक्यात सांगतो. चौथ्या दिवशी ग्लेनशीलच्या खोऱ्यात पाऊस लागला. आम्ही रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत मोटार उभी केली. जॉन्सन नेमके कोठे बसले ते शोधण्याचा हव्यास आम्ही धरला नाही. काचेवरून ओघळणाऱ्या पाण्यापलीकडे तेच ओसाड डोंगर दिसत होते, तेवढे पुरे होते. पत्नीने डब्यातील चकल्या काढल्या. आम्ही तो उतारा मोठ्याने वाचला. पंचवीस वर्षे विद्यार्थ्यांना ऐकविलेला उतारा त्या बाईंनी प्रथमच ऐकला, आणि म्हणाल्या, "म्हणजे घोडी दमली नसती तर तुमची नोकरी गेली असती." दोन तास तेथे गेले. जुन्या आराखड्यात त्या दोन तासांना जागा नव्हती. पुढे आयलन डोनन किल्ला लागला. आमच्या पूर्वीच्या कागदावर तो 'प्राचीन' म्हणून नोंदला होता. वस्तुतः १७१९ साली तो उद्ध्वस्त झाला, जॉन्सनच्या वेळी पडकाच होता, आणि आजची वास्तू १९१२ ते १९३२ या काळात पुन्हा उभारलेली आहे.

पाचव्या दिवशी स्कायवर दाट धुके होते. दुपारी आम्ही डनव्हेगनच्या किल्ल्यात होतो. जॉन्सनना चौसष्ट वर्षे पूर्ण झाली ती येथेच. तिसरी रात्र ठेवावयाची की सोडावयाची, याचा निर्णय त्याच दुपारी कळवावयाचा होता. आयोनाला जावयाचे तर सहाव्या दिवशी ओबनला मुक्काम करावा लागणार. सातव्या दिवशी ओबनहून मलसाठी पाऊण तासाहून थोडी अधिक फेरीबोट. मग बेट ओलांडणारी सुमारे साठ किलोमीटरांची बहुतांशी एकेरी वाट. पुन्हा दहा मिनिटांची लहान फेरीबोट, जिच्यातून पाहुण्यांची मोटार नेता येत नाही. आणि हे सर्व उलट करून त्याच रात्री एडिंबरो. वाऱ्यामुळे एखादी फेरी रद्द झाली, तर दुसऱ्या दिवशीचे विमान हुकणार. जॉन्सनने आयोनाच्या भग्न मठापाशी जे लिहिले, ते आम्ही प्रत्येक वर्षी वर्गात वाचतो. त्या जागेपासून आम्ही एका दिवसाच्या अंतरावर होतो, आणि तिसरी रात्र आम्ही ठेवली.

सहाव्या दिवशी दुपारी धुके उठले. मे अखेरीस तेथे रात्री साडेनऊ वाजून गेल्यावरही उजेड असतो. ट्रॉटरनिशच्या कड्यांवर आम्ही तो शेवटपर्यंत पुरविला. निर्णय योग्य होता असे बुद्धी म्हणते. तरी यंदा वर्गात आयोनाचा उतारा आला तेव्हा आवाज किंचित अडखळला, हे लपविण्यात अर्थ नाही. आखणी चांगली असली म्हणजे हळहळ टळते, असा आमचा दावा नाही. जुन्या आराखड्याने आम्हांस आयोना दाखविले असते कदाचित, परंतु घड्याळाकडे पाहत. आणि ग्लेनशील खचित गमावले असते. नव्याने एवढेच केले, की काय सोडावयाचे हे आम्हीच ठरविले. रस्त्याला, पावसाला किंवा थकव्याला ते ठरवू दिले नाही.

तेव्हा अशा लेखनाची कसोटी आम्ही पुढीलप्रमाणे सुचवितो. आराखडा लिहून झाल्यावर त्यातील एक मुक्काम व दोन स्थळे खोडून पाहावी. उरलेला लेख अर्थपूर्ण राहत असेल तर तो चांगला समजावा. कोलमडत असेल तर त्यात गर्दी झाली आहे. खोडताना कोणते नाव पुसताना हात थबकला तेही पाहून ठेवावे, कारण प्रवास त्या नावासाठी आहे. आमचा हात आयोनावर थबकला होता. पुढील खेपेस सवड चार दिवसांची मिळाली तरी चालेल. त्या कागदावर नाव एकच असेल.