येजितखत कुणाच्या घरी सापडतं?

'जमिनीच्या जुन्या कागदांवर काम करायचंय, सुरुवात कुठून करू?' असं पेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात. मी त्यांना एक पुस्तक सुचवते आणि लगेच सांगते, की ते भांडत भांडत वाचा. वि. त्र्यं. गुणे यांचं 'ज्युडिशियल सिस्टिम ऑफ द मराठाज', डेक्कन कॉलेज, पुणे, १९५३. आज त्याच्याबद्दलच लिहितेय. माझी एम.एस्सी. संख्याशास्त्रातली. त्यामुळे इतिहासाचा विद्यार्थी जिथे कौतुकाने थांबेल तिथे मी 'हा नमुना आला कुठून?' असं विचारत बसते. ती सवय तुम्हालाही लागली तर वाईट नाही.

आधी पुस्तकाचं मोठेपण सांगते. १६०० ते १८१८ या काळात महाराष्ट्रात वतनाचे, जमिनीचे, मानपानाचे तंटे कसे तुटत, हे गुणे मूळ निवाड्यांवरून सांगतात. हे निवाडे म्हणजे महजर आणि निवाडपत्रं. उपशीर्षकातच त्यांनी आपलं साधन जाहीर करून टाकलंय, ही गोष्ट मला फार आवडते. आजचे कितीतरी प्रबंध पन्नास पानं उलटली तरी डेटा कुठला ते सांगत नाहीत.

महजर कधी पाहिला नसेल तर त्याची रचना थोडी समजून घ्या. वर तारीख आणि ठिकाण, मग हाजीर मजालशीची यादी, म्हणजे सभेला कोण कोण बसलं होतं ते. सरकारी अंमलदार, देशमुख-देशपांडे, गावचा गोत, बलुतेदार. मग वादी-प्रतिवादींच्या तकरीरी, त्यांनी दिलेले राजीनामे (इथे राजीनामा म्हणजे नोकरी सोडण्याचा नाही, 'ही सभा ठरवील ते मला मान्य' अशी कबुली), जामीन, पुरावा, आणि शेवटी निवाडा. खाली निशाण्या. पाटलाचा नांगर, बाकीच्यांची आपापल्या धंद्याची हत्यारं. पुरावा तीन प्रकारचा: लेखी कागद, साक्षीदार आणि भोग, म्हणजे प्रत्यक्ष वहिवाट. तिन्ही अपुरे पडले तर दिव्य. उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा काढायचा आणि मग हात बघायचा.

दिव्याची गोष्ट सगळ्यांना आवडते. सेमिनारमध्ये या पुस्तकातलं दुसरं काही सांगितलं नाही तरी चालतं, दिव्य सांगितलं की झालं. म्हणूनच ते आपण बाजूला ठेवू.

माझं लक्ष अडकलं ते त्याहून साध्या कागदावर. निवाडा झाला की जिंकणारा सरकारात 'हरकी' भरी आणि हरणारा 'गुन्हेगारी'. शिवाय हरणाऱ्याला लिहून द्यावं लागे, की मी हरलो, या वतनाशी माझा संबंध नाही. हे येजितखत. आता विचार करा, हा कागद दिला कुणाला जाई? जिंकणाऱ्याला. म्हणजे हरलेल्याने स्वतःच्या नावाने लिहून दिलेला कागदसुद्धा जिंकलेल्याच्या पेटीत. महजर त्याच्याकडे, येजितखत त्याच्याकडे, आणि दोनशे वर्षांनी संशोधक वाड्यावर गेला की दप्तर सोडून दाखवणाराही बहुधा त्याचाच वंशज.

वि. का. राजवाड्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' काढायला सुरुवात केली, पुढे १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. या सगळ्या खटाटोपात घरोघरची दप्तरं धुंडाळली गेली. त्या लोकांच्या पायपिटीपुढे आपण लोटांगण घालावं हे खरंच. पण घर शोधलं म्हणजे कुणाचं घर? ज्याचं वतन टिकलं, वाडा टिकला, त्याचं. शिवाय छापील साधनांमध्ये पुणे-सातारा भागातल्या घराण्यांचा भरणा मोठा. मधे १८५२ चा इनाम कमिशनचा कायदाही येऊन गेला. इंग्रज सरकारने 'इनाम आहे तर कागद दाखवा' म्हटल्यावर कोणता कागद जपायचा, कोणता फेकला तरी चालेल, आणि कोणता नव्याने 'सापडला' पाहिजे, हे घराघरात ठरलं असणार. तेव्हा आपल्या हातात आलेला महजरांचा गठ्ठा निदान तीन चाळण्यांतून उतरलाय. आधी निवाड्याची चाळणी, मग वंश टिकण्याची, मग कमिशनची.

गुण्यांशी माझं भांडण इथे आहे. ते या गठ्ठ्यातून 'पद्धत' उभी करतात. फिर्याद, राजीनामा, जामीन, पुरावा, निवाडा, येजितखत: एखाद्या फ्लोचार्टसारखं सगळं ओळीने. पण महजर हा सगळं झाल्यावर लिहिलेला कागद आहे. जे प्रकरण मधेच विरलं, ज्याचा पैका सभेपर्यंत पोचायलाच पुरला नाही, जो राजीनामा न देता गाव सोडून गेला, त्याचा महजर होणारच नव्हता. पुरी झालेली प्रकरणं तेवढी बघितली तर कुठलीही पद्धत नीटनेटकीच दिसेल. पास झालेल्यांच्याच उत्तरपत्रिका तपासून पेपर सोपा होता म्हणण्यासारखं आहे हे. गुण्यांची बाजूही सांगायला हवी. महजरात हरणाऱ्याची तकरीर येते, एकतर्फी कागद तो नाही. आणि तेच वतन, तेच भाऊबंद पुन्हा पुढच्या पिढीत सभेपुढे उभे राहिलेले दिसतात, तेव्हा निवाड्याने तंटा मिटत नव्हता हेही महजरच सांगतात. हा धागा गुण्यांनी आणखी ओढायला हवा होता असं मला वाटतं. पुढे आंद्रे विंक यांनी १९८६ च्या 'लँड अँड सॉव्हरेन्टी इन इंडिया'त तंटा हाच राज्यकारभाराचा गाभा मानला. तिथे लंबक दुसऱ्या टोकाला गेलाय, पण तो वेगळा विषय.

नमुना पुरा असता तर प्रश्न सुटला असता का? यासाठी थोडं इंग्लंडला जाऊन येऊ. तिथे मध्ययुगात जमीन विकण्याची एक गमतीची रीत होती, तिला 'फाइन' म्हणत. दंडाशी त्याचा संबंध नाही. घेणारा देणाऱ्यावर राजाच्या कोर्टात दावा लावी, की याने कबूल करूनही जमीन दिली नाही. दावा लटका, दोघांनाही ते ठाऊक, कोर्टालाही ठाऊक. मग कोर्टाच्या परवानगीने तडजोड होई आणि ती तडजोड म्हणजेच खरेदीखत. एकाच चामड्यावर तोच मजकूर तीनदा लिहायचा, नागमोडी रेघेने कापायचा, दोन तुकडे दोन पक्षांना आणि खालचा तिसरा कोर्टाच्या ताब्यात. प्रत खोटी वाटली तर कडा जुळवून बघायच्या. खालचा तुकडा म्हणून त्याला 'फूट', म्हणजे पाय. ११९५ मध्ये ही तिसरी प्रत ठेवायला सुरुवात झाली आणि १८३३ च्या कायद्याने ही रीत बंद होईपर्यंत चालू राहिली. सहाशेहून जास्त वर्षांचा हा साठा परगणावार लावलेला आहे.

संख्याशास्त्रवाल्याला हे ऐकून तोंडाला पाणी सुटतं. इथे कागद कुणाचं घर टिकलं यावर अवलंबून नाही, कारण एक प्रत तिऱ्हाइताकडे आहे. मोजा आणि आलेख काढा! पण उत्तर मध्ययुगातल्या फाइनमध्ये लिहिलेली किंमत पुष्कळदा ठरावीक साच्याची, गोल आकड्यातली असते. खरा सौदा दुसरीकडे, दुसऱ्या कागदावर किंवा तोंडी. म्हणजे नमुना चांगला आणि मोजमाप खोटं. आपल्याकडे बघा, वतनाच्या विक्रीपत्रात कोण पाटील आधी टिळा-विडा घेणार, पोळ्याला कुणाचा बैल पुढे, इतका तपशील ठरवून लिहिलेला असतो. तिथे नमुना फाटका, पण मोजमाप खोल. दोन्ही साधनांना एकच 'मर्यादा' हा शब्द लावून सिनॉप्सिसमध्ये एक परिच्छेद उरकू नका. दुखणी वेगळी आहेत, औषधंही वेगळी लागतील.

आता गावाकडे या. मी टेंभुर्णीची, जाफराबाद तालुक्यातली (सोलापूरची टेंभुर्णी वेगळी). आमचा भाग १९४८ पर्यंत निजामाकडे, त्यामुळे इंग्रजांचं इनाम कमिशन इथे आलंच नाही. इथला इनामदार 'मुंतखब' दाखवतो, जुने कागद उर्दूत किंवा मोडीत, आणि कोर्टकज्जा आला की लोक १९५४-५५ चं खासरा पत्रक शोधत फिरतात. गुण्यांचा आराखडा उचलून मराठवाड्यावर ठेवला तर तो बसणार नाही. मराठवाड्यात काम करणार असाल तर मोडीइतकंच उर्दू वाचता येणं गरजेचं आहे, आणि हे मार्गदर्शक मिळायच्या आधी सुरू करा.

आजचे फेरफार घेऊन काम करणाऱ्यांसाठी हेच भांडण आणखी जवळचं आहे. 'गावात वीस वर्षांत इतके फेरफार, म्हणजे इतके जमीन व्यवहार' असं वाक्य मी एकापेक्षा जास्त सादरीकरणांत ऐकलंय. फेरफार म्हणजे विक्री नव्हे. सोसायटीचा बोजा चढला, फेरफार. बोजा उतरला, फेरफार. वारस लागले, वाटणी झाली, कोर्टाचा हुकूम आला, सगळ्याचा फेरफार. उलट तुकडेबंदीमुळे ज्या पाच-दहा गुंठ्यांची रजिस्ट्री होत नाही, ते स्टॅम्प पेपरवर आणि ताबा पावतीवर हात बदलतात, त्यांचा फेरफार नाही. आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १५७ अधिकार अभिलेखातल्या नोंदीला खरं मानतं ते विरुद्ध सिद्ध होईपर्यंतच. फेरफाराने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने कितीतरी वेळा सांगितलंय.

सगळ्यात अवघड कागद हक्कसोडपत्राचा. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीने हक्क दिला. त्यानंतरची हक्कसोडपत्रं मोजून 'बहिणी स्वखुशीने हक्क सोडतात' हा निष्कर्ष काढणं अगदी सोपं आहे, कारण कागदावर 'राजीखुशीने, कुणाच्या दबावाला बळी न पडता' असं छापील वाक्यच असतं. इंग्लंडच्या फाइनमध्ये नवरा-बायको मिळून बायकोची जमीन देत असतील तर न्यायाधीशाने तिला नवऱ्यापासून बाजूला घेऊन विचारायचं, तुझी संमती आहे का, असा नियम होता. आमच्याकडे दुय्यम निबंधकासमोर कबुली होते, तिला तिथवर गाडीत बसवून भाऊच आणतो आणि जेवायला थांबवून साडीचोळी देऊन भाऊच परत सोडतो. दोन्हीकडे कागदावर 'हो' हेच उत्तर उमटतं. 'नाही' म्हणणारीचा कागद तयारच होत नाही. ती यादीत कुठे दिसेल? वारस म्हणून सातबाऱ्यावर तिचं नाव राहिलं असेल तर तिथे, किंवा दिवाणी कोर्टात वाटणीच्या दाव्यात.

म्हणून हक्कसोडपत्रांवर काम करायचं असेल तर आधी वारसाचे फेरफार काढा, त्यातल्या मुलींची नावं लिहून घ्या, आणि मग त्यातल्या कितीजणींची नावं आज सातबाऱ्यावर आहेत ते बघा. छेद आधी, अंश नंतर. आणि ज्यांची नावं अजून आहेत त्यांच्याकडे भाऊ घरी नसताना जा.