अग्रशाळेच्या भिंतींवरील आरोप

फोंडे महालातील एका देवस्थानच्या अग्रशाळेचा जीर्णोद्धार होऊन तीन वर्षे लोटली. इमारत देखणी झाली आहे, हे आम्ही आरंभीच मान्य करतो. परंतु गेल्या वैशाखात तेथे दोन रात्री काढण्याचा प्रसंग आला, त्या आम्ही सहकुटुंब बसूनच काढल्या. वृद्ध यात्रेकरू ओले पंचे अंगावर घेऊन ओट्यावर पहाटेची वाट पाहत होते. जुन्या दीड हाती भिंती पाडून नऊ इंची उभारल्या, त्याचाच हा परिणाम, असे समितीचे मत पडले असून, भिंतींना आतून उष्णतारोधक अस्तर लावण्याचे घाटत आहे. आमच्या मते आरोपी चुकीचा धरला गेला आहे.

भिंत उष्णतेस दोन प्रकारांनी अडविते आणि आपल्याकडे त्यांची नेहमी गल्लत होते. थर्माकोल किंवा काचलोकर यांत कोंडलेली स्थिर हवा उष्णतेचा प्रवाहच क्षीण करते. चिऱ्याची वा विटेची भिंत तसे फारसे करीत नाही. ती उष्णता पोटात साठविते व सावकाश परत करते. नऊ इंची विटेच्या भिंतीतून बाहेरचा ताप आत पोचण्यास सुमारे ६ ते ८ तास लागतात. वकिली भाषेत बोलावयाचे तर ही पुढची तारीख मिळाली, सुटका झाली नाही. इंदूर-ग्वाल्हेरच्या कोरड्या उन्हाळ्यात रात्र बरीच निवते, म्हणून तेथे ती तारीख फळते. आमच्या दमट किनाऱ्यावर रात्रीही हवा फारशी निवत नाही. येथे वाऱ्याची ये-जा हाच मुख्य आधार. खिडक्या सताड उघड्या असलेल्या दालनात भिंतीचे अस्तर ते काय करणार? वातानुकूलित खोल्यांची गोष्ट निराळी.

खरा अपराधी डोक्यावर आहे. मेच्या आरंभी गोव्यात सूर्य मध्यान्ही थेट माथ्यावर येतो. भिंतींवर तिरके ऊन पडते, छपरावर सरळ. जुन्या अग्रशाळेवर मंगळुरी कौले होती. बाझेल मिशनने १८६५ साली मंगळुरास कारखाना काढला, तेव्हापासून ती या किनाऱ्यावर पसरली. कौल तापते लवकर, पण निवतेही लवकर, आणि सांध्यांतून ऊन हवा निसटून जाते. आता तेथे उघडी काँक्रीटची गच्ची आहे. काँक्रीट विटेच्या जवळजवळ दुप्पट उष्णता वाहते, आणि दुपारचा ताप नेमका सांजआरतीनंतर खाली उतरू लागतो. निवासी इमारतींसाठी केंद्राने २०१८ साली केलेल्या ‘इको निवास संहिते’त छपराची मर्यादा स्वतंत्रपणे घातली आहे: दर चौरस मीटरास, दर अंश फरकामागे १.२ वॅट. उघडी गच्ची त्याच्या सुमारे तिपटीवर जाते.

भिंती सर्वस्वी निर्दोष आहेत असेही नाही. पश्चिमेची पडवी काढल्याने मावळतीचे ऊन आता थेट भिंतीवर पडते. शिवाय चिरा सच्छिद्र. पावसात तो पाणी पितो, आणि पाणी स्थिर हवेच्या वीसपटींहून अधिक उष्णता वाहते. चुन्याचा गिलावा ती ओल बाहेर जाऊ देत असे, सिमेंटचा कोंडून ठेवतो. त्यावर आतून अस्तर चढविले, तर ओल दिसेनाशी होईल इतकेच.

गच्चीवर वारा खेळेल इतकी फट ठेवून पुन्हा कौले चढवावीत, पडवी परत बांधावी, आणि तूर्त गच्चीस पांढरा चुना द्यावा. अस्तराचा ठराव महाजनांच्या सभेपुढे येईल तेव्हा आमचे मत विरुद्ध नोंदवावे, ही विनंती.